आजी हसरी होती, आई नव्हती

सांगलीचं माहेर असलेल्या एका ताईंचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. ताई 49 वर्षांच्या, पुण्यात असतात. मागच्या श्रावणात त्यांची आई गेली, 79 वर्षांची होती, वडील खूप आधीच गेलेले. आईनं जवळजवळ 30 वर्षं घरगुती डबे करून दोन मुलं वाढवली. आता वर्षश्राद्ध दीड महिन्यावर आलंय आणि सांगलीतल्या दादानं ठरवलंय की 200 माणसांचं जेवण घालायचं आणि आईवर 40 पानी स्मरणिका काढायची. मुख्य लेख ताईंनी लिहायचा, कारण "तुला लिहिता येतं". ताईंनी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. नातेवाइकांकडून आलेल्या सगळ्या लेखांत आई प्रेमळ, कष्टाळू आणि सोशिक आहे. ताईंना आठवते ती कायम घाईत असलेली, चिडकी, प्रसंगी लाटणं फेकून मारणारी आई, जिनं बारावीनंतर दादाला हॉस्टेलला पाठवलं आणि ताईंना नाही पाठवलं. ताईंची 22 वर्षांची मुलगी म्हणते, "आई तू नक्की कुणाबद्दल बोलतेयस? माझी आजी तर हसरी होती." वहिनी या सगळ्यात गप्प. जुने फोटो 2019 च्या महापुरात गेले. राहिलेत ते माळ्यावरचे कालनिर्णय आणि ताईंच्या फोनमधले आईचे 11 व्हॉइस मेसेज. ताई विचारतात, खरं लिहिलं तर आईशी बेइमानी होते, गोडगोड लिहिलं तर स्वतःशी, मग काय करू? आणि वर्ष व्हायच्या आतच तिचा आवाज नीट आठवेनासा झालाय, मी वाईट मुलगी आहे का?

ताई,

चार वेळा फाडलंत ते बरंच केलंत. चार वेळा फाडणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं, ज्यांच्याकडे नसतं त्यांचे लेख पहिल्या झटक्यात पूर्ण होतात आणि ते आलेच आहेत तुमच्या दादाकडे.

मला रोज सकाळी चहाबरोबर पेपरातल्या निधनाच्या बातम्या वाचायची सवय आहे, साठी उलटली की लागते ती. त्यात बाई गेली की पाच ओळी ठरलेल्या. अमुक यांच्या मातोश्री, वृद्धापकाळानं निधन, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं असा परिवार. एकदा मी नावांवर बोट ठेवून वाचून बघितलं, तर पाच बायकांमधली कोण कुठली ते कळेना. पाचजणींची पाच आयुष्यं आणि विशेषणं मात्र एकाच दुकानातली. सोशिक या शब्दाचा तर मला रागच आहे खरं सांगायचं तर. सोशिक होती म्हणजे काय सोसलं, कुणाचं सोसलं, किती वर्षं? हे कुणी विचारत नाही आणि विचारलं की ज्यांच्यामुळे सोसलं ते पंगतीत पहिल्या रांगेत बसलेले असतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे लेखात एकही विशेषण घालायचं नाही असं ठरवून लिहायला बसा. प्रेमळ लिहावंसं वाटलं तर थांबायचं आणि तिनं काय केलं होतं ते लिहायचं. चिडकी लिहावंसं वाटलं तरी तेच. लाटणं फेकलं ना, मग लाटणं फेकलं असं लिहा, का फेकलं ते लिहा, लागलं का तेही लिहा.

आता तुमच्या लेकीचं आणि तुमचं भांडण. तुम्हाला वाटतंय दोघींपैकी कुणाची तरी एकीचीच आठवण खरी असणार. मी जरा हिशोब केला. तुम्ही 10 वर्षांच्या होतात तेव्हा आई चाळिशीची होती. पत्रात तुम्हीच लिहिलंय की ती पहाटे 4 ला उठायची आणि 9 च्या आत 35 डबे बाहेर पडायचे. 35 डबे म्हणजे ताई, पोळ्याच दीडशेच्या घरात जातात, शिवाय भाकरी वेगळ्या. मग भाजी, आमटी, आलेले रिकामे डबे घासणं, उद्याची भाजी निवडणं, महिन्याच्या शेवटी पैसे बुडवणाऱ्यांच्या मागे लागणं. तुमची लेक 10 वर्षांची झाली तेव्हा तीच बाई 68 वर्षांची होती. डबे बंद झालेले, मुलं मार्गी लागलेली, दुपारी दोन तास पडायला मिळत होतं. एक झोप न झालेली बाई आणि एक झोप झालेली बाई, तुम्ही दोघी या दोन बायकांबद्दल भांडताय. आणि दोघी तुमच्याच.

हे मी तुमच्या मार खाण्यावर पांघरूण घालायला म्हणत नाहीये. झोप झाली नव्हती म्हणून लागलं नाही असं होत नाही. पण हसरी आजी खोटी आणि चिडकी आई खरी, किंवा उलटं, असं काही नसतं एवढंच.

आणि मला विचाराल तर स्मरणिकेतलं सगळ्यात चांगलं पान तेच होईल. डाव्या बाजूला तुम्ही, उजव्या बाजूला लेक, दोघींनी एकाच गोष्टीबद्दल लिहायचं. उदाहरणार्थ पत्ते. तुम्ही लिहिलंय की लेक सुट्टीत आली की आजी रात्री तिच्याशी पत्ते कुटायची आणि हटकून चोरी करायची. तुम्हाला आई पत्ते खेळताना कधी दिसली का हो? नसेल तर "मी आईला कधी पत्ते खेळताना पाहिलं नाही" हे एक वाक्य समोरच्या पानावर लिहा, बास. वाचणाऱ्याला कळतं सगळं.

बेइमानीचा प्रश्न जरा अवघड आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात आणि आईबद्दल तर नाहीच नाही, आईवर लिहायचं म्हणजे समईच्या उजेडात लिहायचं असा दंडकच आहे जणू. पण हा दंडक पेपरवाल्यांचा आणि भाषणवाल्यांचा, बायकांचा नव्हे. जात्यावरच्या ओव्या बघा. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगाव फिरून, दळणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्यातल्या बऱ्याच पारीच्या (ग्रामीण भारतातल्या गोष्टी जपणारी 'पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया') वेबसाइटवर ऐकायलाही मिळतात. जमल्यास ऐका, आईबद्दलच्या मुद्दाम ऐका. त्यात आईची माया आहे, माहेरची ओढ आहे आणि त्याच बायका त्याच दळणात, बाईचा जन्म का दिलास म्हणून आईबापाला जाबही विचारतात. एकाच सुपातलं दळण. कुणाला त्यात बेइमानी वाटली नाही.

तरी हॉस्टेलची गोष्ट स्मरणिकेत सविस्तर लिहावी असं मला वाटत नाही. लाजिरवाणी आहे म्हणून नाही. पहिलं कारण, आई उत्तर द्यायला नाही. दुसरं कारण, त्यात दादाही आहे, आणि तो तेव्हा 18 वर्षांचा पोरगा होता, त्यानं मागितलं आणि त्याला मिळालं एवढाच त्याचा गुन्हा, 200 लोकांच्या हातात ते पान देणं बरं नव्हे. ती गोष्ट तुम्ही आईला पत्र म्हणून लिहा. वेगळ्या वहीत. कुणाला दाखवायची नाही, वाटलं तर पुढे कधी लेकीला. पूर्ण राग काढा त्यात, हात आखडू नका, आईला सगळं ऐकायची सवय होती, 35 डब्यांची गिऱ्हाइकं होती तिची.

पण लिहिताना एका गोष्टीकडे बघा. तिचे डबे जायचे कुठे? तुम्हीच लिहिलंय, विश्रामबागला, वालचंद कॉलेजच्या पोरांच्या रूमवर. म्हणजे घरापासून लांब राहणारी शंभर पोरं तिनं जवळून पाहिली होती, कोण आजारी पडतं, कोण नापास होऊन तोंड लपवतं, कोण रात्री कुठं असतं, सगळं तिला डबा परत आला की कळत असणार. भरलेला परत आला की काहीतरी बिनसलंय. अशा बाईला स्वतःची मुलगी लांब पाठवायची भीती वाटली असेल का? की मुलीवर एवढा खर्च कशाला असाच सरळ हिशोब होता? की दोन्ही? मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि आता कळणारही नाही. न कळलेलं न कळलेलं म्हणून ठेवता येतं की.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही कंसात एक वाक्य टाकलंय. लेकीला बाहेरगावी इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली, हॉस्टेलची फी भरायची होती, तेव्हा आईनं कुणी न मागता आपल्या पाटल्या मोडून पैसे पाठवले, आणि पुढं तुम्ही लिहिलंय, "ते असो."

ते असो कसं, ताई? तुमच्या आख्ख्या पत्रातलं ते सगळ्यात मोठं वाक्य आहे आणि ते तुम्ही कंसात कोंबलंत. ज्या बाईनं तुम्हाला हॉस्टेलला पाठवलं नाही तिनं पंचाहत्तरीत हातातलं सोनं मोडून तुमच्या मुलीला हॉस्टेलला पाठवलं. ती माफी होती का? मी नाही ठरवणार. नात म्हणून लाड असेल, जमाना बदलला असेल, पाटल्या मनगटावरून घसरायला लागल्या असतील. पण तुम्ही लेखासाठी सुरुवात शोधत होतात ना, ती तुमच्याच पत्रात आहे. फक्त अर्थ सांगू नका. अमुक साली मला पाठवलं नाही, अमुक साली पाटल्या मोडल्या, दोन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि पुढच्या विषयावर जा.

छापायच्या आधी मात्र एक पथ्य. आईच्या सोन्याचा विषय आपल्याकडे केवढा नाजूक असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. पाटल्या सुनेकडे जायच्या ऐवजी लेकीच्या लेकीकडे गेल्या हे दादाला आणि वहिनीला छापील पानावर पहिल्यांदा कळता कामा नये. आधी तोंडी सांगा. कुठल्याही घरात अशी स्मरणिका काढताना हा नियम पाळावा, पैसे, दागिने, आजारपण आणि कुणाचं लग्न मोडलेलं, एवढ्या चार गोष्टी ज्याच्याशी संबंध आहे त्याला आधी वाचून दाखवायच्या, मग छापायच्या.

आता ते कालनिर्णय. तुम्ही म्हणताय फोटो गेले, काहीच उरलं नाही, फक्त माळ्यावर जुन्या कालनिर्णयांची चवड आहे आणि दादा ती रद्दीत घालायचं म्हणतोय. दादाला आजच फोन करून थांबवा! अहो, आपल्याकडे बायकांच्या डायऱ्या कुठं असतात, भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या असतात. तुमच्या आईनं चौकोनात काय काय लिहिलंय ते तुम्हीच सांगितलंत. दुधाच्या पिशव्या. गॅस कधी लावला. कुणाचा डबा किती दिवस खाडा. पावसाळ्यात "पूल 38", "पूल 41". सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं त्याचा तो आकडा, 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि पावसाळ्यात सांगलीत लोक एकमेकांना जेवलास का विचारायच्या आधी पाणी किती विचारतात. 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या वर्षीचा कालनिर्णय चवडीत असेल तर ऑगस्टचं पान आधी काढून बघा. पहिल्या दोन-चार तारखांना आकडे असतील आणि मग कदाचित सलग रिकामे चौकोन, घर सोडून दुसरीकडे राहायला गेलात तेव्हाचे. मी तर म्हणेन त्या पानाचा फोटो स्मरणिकेत पूर्ण पान छापा, खाली एक ओळसुद्धा लिहू नका.

म्हणजे माझी सूचना अशी की 40 पानांचा हट्ट सोडायचा. 12 पानं करा, 12 महिन्यांची. प्रत्येक महिन्याला तिच्या हस्ताक्षरातला एक चौकोन, फोन सरळ वर धरून दिवसाच्या उजेडात फोटो काढायचा, फ्लॅश नको, आणि शेजारी त्या चौकोनाची गोष्ट, घरातल्या ज्याला माहीत असेल त्यानं सांगितलेली. मेमध्ये कॉलेजची पोरं गावी गेली की डबे कमी व्हायचे, मग ती वर्षाचा कांदा-लसूण मसाला करायची असं तुम्ही लिहिलंयत, तो मे महिना. भाद्रपदात गौरी. लेख पाडायची कटकटच नाही, आणि दादाला छापील वस्तू हवी आहे तीही मिळते.

फोटो अगदीच हवे असतील तर तुमच्या घरातले गेले असले तरी आई दुसऱ्यांच्या अल्बममध्ये असणारच. आपल्या आया स्वतःच्या फोटोत कमी आणि दुसऱ्यांच्या लग्नाच्या फोटोत जास्त असतात, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड, हातात अक्षता. मामेभावंडांना, शेजाऱ्यांना, आणि त्या डब्याच्या पोरांना विचारा. ती पोरं आता पन्नाशीची असतील, कॉलेजच्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, एखादा जरी सापडला तरी पुढचे तो शोधून देईल. त्यांना "आमच्या आईबद्दल दोन शब्द लिहा" म्हणू नका, दोन शब्दच लिहून येतील आणि ते प्रेमळ आणि कष्टाळू हेच असतील. डब्यात शनिवारी काय असायचं एवढंच विचारा.

माहेरचं नाव टाकलंत का हो कुठं? दादानं पाठवलेला मुखपृष्ठाचा मजकूर तुम्ही उतरवून दिलाय, मातोश्री कैलासवासी अमुक तमुक, सासरचं नाव, सासरचं आडनाव. पण ताटातल्या तांदळांत नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहायच्या आधी 20-22 वर्षं ती दुसऱ्याच नावानं हाक आली की ओ देत होती. तुमच्या लेकीला आजीचं ते नाव माहीत आहे का, विचारून बघा. मी माझ्या दोन्ही भाच्यांना विचारलं होतं, दोघांनाही माहीत नव्हतं. (विषय निघालाच आहे म्हणून, नवरा असताना गेलेल्या बाईचं पितृपक्षातलं श्राद्धसुद्धा अविधवा नवमीला करतात, म्हणजे तिची तिथी कुठली ते नवरा आहे की नाही यावर. असो.) दोन्ही नावं छापा, त्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मुद्दाम देते. अक्षरओळख नाही, शेतात आणि जात्यावर गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्याच एका नातेवाइकानं ती कागदावर उतरवून ठेवली म्हणून राहिली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये, अत्र्यांनी डोक्यावर घेतल्यावर, ती छापून आली. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की सोपानदेव स्वतः कवी होते, पण त्यांनी आईची भाषा सुधारून ठेवली नाही, ती तिच्या खानदेशी बोलीतच राहू दिली. तुमची आई काही कवयित्री नव्हती, नसू दे. पण ती "जेवलीस का" म्हणायची की "जेवलीस न्हवं" म्हणायची? तसंच लिहा. पुण्याच्या भाषेत धुऊन इस्त्री करून लिहू नका.

आवाजाचं आता नीट ऐका कारण यात माझी चूक झालेली आहे. माझी आई गेल्यावर तिचा फोन कपाटात ठेवला, नंबर कोण बंद करतंय म्हणून तसाच राहिला. रिचार्ज नाही, वापर नाही. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही आणि शिल्लक नसली की कंपनी नंबर काढून घेऊ शकते आणि पुढे तो दुसऱ्याला देते, हे मला कुठं माहीत. एका संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर "आई" नावापुढं बुलेटवर बसलेल्या एका तरुण मुलाचा फोटो. मुलाची काय चूक, पण मी दोन दिवस जेवले नाही. त्यात भाच्यानं तिचा फोन "स्लो झालाय" म्हणून फॉरमॅट करून वापरायला घेतला होता, त्यामुळे त्यातलं सगळंच गेलं.

तर ताई, आईचा फोन कुठे आहे ते दादाला विचारा, आणि कुणी फॉरमॅट करण्याआधी त्यातली गॅलरी, रेकॉर्डिंगं कॉपी करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचं खातंही साधारण 120 दिवस वापरलं नाही की ते डिलीट करतात, पण तुम्हाला आलेले 11 मेसेज तुमच्या फोनवर आहेत ते त्यामुळे जात नाहीत, जातात ते आपण फोन बदलताना बॅकअप न घेतल्यामुळे. एकेक मेसेज दाबून धरा, शेअर करा, स्वतःला ईमेल करा किंवा ड्राइव्हवर टाका, शिवाय लेकीच्या लॅपटॉपवर एक कॉपी. दोन जागी हवंच. फाइलला नाव द्या, "आई, दिवाळी, चकली बिघडली" असं काहीतरी, नाहीतर पाच वर्षांनी आकड्यांची माळ दिसेल नुसती. आणि तो "हॅलो, आवाज येतोय का" एवढाच मेसेज आहे म्हणता ना, तोही ठेवा, तो तर पहिला ठेवा.

लेकीनं एआयवर आजीचा फोटो बोलता करून पाठवला आणि तुम्हाला कसंतरीच झालं असं लिहिलंय. तिला रागावू नका, ती तिच्या पद्धतीनं रडतेय. पण तुम्हाला नको असेल तर नको म्हणा, निदान पहिलं वर्ष तरी. तुमच्याकडे 11 खरे मेसेज आहेत, त्यात ती मधेच खोकतेय, मागे कुकरची शिट्टी होतेय, ते मशीनला सुचणार नाही.

आवाज आठवत नाही म्हणून वाईट मुलगी, हे मात्र काढून टाका डोक्यातून. आवाज लवकर जातो, मी कितीजणींकडून ऐकलंय. माझ्या आईचा माझ्याही कानातून गेला, पण ती झाऱ्यानं कढईच्या कडेवर टकटक करायची ते अजून येतं ऐकू. काय राहील ते आपल्या हातात नसतं.

दादाबद्दल थोडं. तुम्ही जरा चिडून लिहिलंय की त्याला शोबाजी करायची आहे. असेलही. पण तो गावात राहतो, आई गेल्यावर माणसं त्याच्या दारात आली, अजून रस्त्यात थांबवून लोक त्यालाच आईचं विचारतात. पुण्यात तुमच्या सोसायटीत कुणाला माहीत होती तुमची आई? त्याचं दुःख चार लोकांतलं आहे, त्याला चार लोकांत काहीतरी करावंसं वाटणारच. त्याचा दिवस त्याला करू दे. तिथी आणि तारीख एक येत नाही हे बरंच आहे, तिथी कधी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते, अधिक महिना पडला तर अठरा-एकोणीस दिवस नंतर. तिथीला सांगलीत श्राद्ध आणि पंगत दादाची, तारखेला पुण्यात तुम्ही आणि लेक, पत्त्याचा डाव मांडा नाहीतर दिवसभर झोपा, कुणी विचारणार नाही. विधी स्वतः करावेसे वाटत असतील आणि अर्थ समजून करायचे असतील तर पुण्यात ज्ञानप्रबोधिनीकडे मराठीत अर्थ सांगून श्राद्ध करतात, पौरोहित्य करणाऱ्या बायकाही आहेत तिथे. जेवणावळीचे आकडे फार होतायत असं वाटलं तर दादाला एवढंच सुचवा की 100 माणसं पंगतीला आणि 100 डबे मिरजेच्या दवाखान्यांतल्या पेशंटच्या नातेवाइकांना, आधी तिथं विचारून. डबेवाल्या बाईचं श्राद्ध आहे, त्याला पटेल.

राहता राहिली वहिनी. अख्ख्या पत्रात तिच्या वाट्याला दीड ओळ आलीय, "वहिनी गप्प असते." शेवटची दोन वर्षं आई अंथरुणाला होती असंही लिहिलंय. मग ताई, दोन वर्षं तिचं कुणी केलं? तिला न्हाऊ कुणी घातलं, कूस कुणी बदलली, रात्री दोनला हाक आली की कोण उठलं? तुमच्याकडे आहे तरुण चिडकी आई, लेकीकडे आहे हसरी आजी, आणि शेवटची जी आई होती, जी बहुतेक कुणालाच नीट माहीत नाही, ती वहिनीकडे आहे. आणि तिला कुणी लेख मागितलेला नाही.

तिला लेख मागूही नका. गावी जा दोन दिवस, तिच्याबरोबर स्वयंपाकघरात बसा, आईचा मसाला करायला सांगा. आईनं कधी माप लिहून ठेवलं नाही म्हणता, सगळं अंदाजे, पण तो अंदाज आता वहिनीच्या मुठीत उतरलाय. वजनकाट्यावर वाटी ठेवा आणि तिला नेहमीसारखं मुठीनं घालू दे, तुम्ही फक्त आकडे लिहा. तिला विचारून फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा. हात चालू असले की बायका बोलतात. ती तक्रार करेल, करू दे, आई तिच्याशीही काही गोडच वागली असेल असं नाही. मधेमधे "अगं पण आई तशी नव्हती" असं म्हणायचं नाही, जीभ चावून बसायचं. आणि स्मरणिकेत तिचं नाव शेवटच्या पानावर विशेष आभारात टाकायचं नाही. एक महिना तिचा, कुठला ते तिनं ठरवायचं.

ज्यांच्या आया आज्या अजून आहेत त्यांनीही हे असंच करावं. समोर माइक धरून तुझं आयुष्य सांग म्हटलं की त्या काय सांगायचं, चाललंय आपलं म्हणतात. तुझ्या लग्नात कोण रुसलं होतं एवढं विचारा, दोन तास जागचं उठता येणार नाही.

वहिनीशी बोलायला सुरुवात कशी करायची हा प्रश्न पडलाच असेल, कारण तुमचं दोघींचं फारसं बोलणं नाही हे पत्रावरून दिसतंयच. पंचाहत्तर वर्षांची, गुडघे गेलेली बाई एकटी सराफ कट्ट्यावर जाऊन पाटल्या मोडून आली असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी रिक्षा केली असणार, कुणीतरी हात धरून दुकानाची पायरी चढवली असणार, आणि कुणीतरी घरी येऊन चार वर्षं तोंड बंद ठेवलं असणार. आज दुपारी फोन लावा आणि तेवढंच विचारा, वहिनी, आई पाटल्या मोडायला गेली तेव्हा बरोबर कोण होतं?